गझनीचें पदक आणि मालेगांवचा विडा

शहाद्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या एकत्र कुटुंबांत शाळेंत जाणारीं सात मुलें आहेत. त्यांपैकीं तिघांना वार्षिक संमेलनांत पदकें मिळालीं. उरलेलीं चार मुलें रिकाम्या हातांनीं घरीं आलीं. तेव्हांपासून जावाजावांतील बोलणें तुटक झालें आहे, मुलें एका पंगतीस बसत नाहींत, आणि दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत कोणाचें पदक वरच्या फळीवर ठेवावें यावरूनहि कुरबुर चालू आहे. पदकाला इतकें मोल द्यावें काय, असें त्या विचारतात.

प्रश्न घरगुती असला तरी लहान नाहीं. त्याचें उत्तर आम्ही शेवटीं देऊं. तत्पूर्वीं, या सदराच्या नेहमींच्या रीतीप्रमाणें, थोडा इतिहास. ज्या नंदुरबार, शहादा, तळोदा भागांत त्या भगिनी राहतात आणि आमचेंहि बहुतेक आयुष्य गेलें, त्याच भागाशीं ज्याचा संबंध आला अशा एका इंग्रज अधिकाऱ्याची आणि त्याच्या पदकाची ही हकीकत आहे.

संस्कृत कोशकार ‘पदक’ म्हणजे ‘निष्क’ असें सांगतात. आणि निष्क हा शब्द फार जुना व मोठा मौजेचा आहे. ऋग्वेदांत ‘निष्कग्रीव’, म्हणजे गळ्यांत निष्क घातलेला, असें विशेषण येतें. तेथें निष्क हा अलंकार आहे. पुढें त्याच शब्दाला सोन्याचें नाणें असाहि अर्थ आला. अमरकोशांत निष्काचे जे अर्थ दिले आहेत, त्यांत छातीवरील भूषणहि आहे आणि दीनारहि आहे. म्हणजे ज्या वस्तूनें छाती शोभवावयाची, तीच बाजारांत मोडून सौदाहि करतां येतो! मान आणि दाम यांची ही गांठ शब्दांतच बसलेली आहे. कोणत्या माणसानें ती कशी सोडविली, हें पाहिलें म्हणजे त्या माणसाची पारख होते.

आमच्याकडे पूर्वीं पराक्रमाबद्दल शिरपेच, सोन्याचें कडें, पोशाख, पालखीचा मान, इनाम गांव अशा गोष्टी मिळत. त्या बहुधा सरदारांच्या वांट्यास येत. एकाच मोहिमेंतील साऱ्या लोकांस एकाच छापाचें पदक वांटण्याची चाल आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीनें पाडली. १७७८ ते १७८४ या काळांतील मोहिमांत लढलेल्या देशी अंमलदारांस व शिपायांस तिनें दख्खनचें पदक दिलें. त्या मोहिमांपैकीं एक मराठ्यांवरची होती, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें पाऊणशें वर्षें कंपनीच्या टांकसाळींतून अशीं पदकें निघत राहिलीं. आज आम्ही ज्याविषयीं लिहीत आहों, तें गझनीचें पदक त्यांतलेंच.

गझनी हें नांव ऐकतांच आपल्या मनांत सोमनाथ आणि महमूद उभे राहतात. पण हें पदक महमुदाच्या काळानंतर आठशें वर्षांनीं झालेल्या लढाईचें आहे. १८३८ सालीं इंग्रजांनीं दोस्त महंमदास काबूलच्या गादीवरून काढून तेथें आपल्या तंत्रानें चालणारा शहा शुजा बसविण्याचें ठरविलें. बंगालचें व मुंबईचें सैन्य सिंधमधून बोलन घाटानें कंदाहारला व तेथून गझनीपुढें येऊन ठेपलें. गझनीचा कोट मजबूत. सर्व दरवाजे आंतून बुजविलेले, फक्त काबूलकडचा एक दरवाजा मोकळा होता. २३ जुलै १८३९ च्या पहांटे, उजाडण्यापूर्वीं, त्या दरवाजाला दारूच्या थैल्या लावून तो उडविण्यांत आला आणि कांहीं तासांत किल्ला पडला. या लढाईंत मुंबईकडील १९ वी देशी पलटणहि होती. शहा शुजानें या विजयासाठीं पदक देण्याचें मनांत आणलें. परंतु १८४२ च्या एप्रिलमध्यें त्याचाच खून झाला आणि तें पदक अखेर हिंदुस्थान सरकारनें त्याच सालीं दिलें.

पदक रुप्याचें. एका बाजूस गझनीच्या किल्ल्याचा दरवाजा व खालीं गांवाचें नांव. दुसऱ्या बाजूस कोटाच्या तटासारखा मुकुट, त्याभोंवतीं पानांची माळ आणि लढाईची तारीख. फीत अर्धी किरमिजी व अर्धी गडद हिरवी. इतर अनेक पदकांवर असतो तसा राणीचा मुखवटा यावर नाहीं. आणखी एक विशेष असें कीं, मागल्या बाजूचा मधला भाग कोरा ठेवला होता. सरकारनें पदकें नांवाशिवाय दिलीं. ज्याला हौस व ऐपत त्यानें त्या कोऱ्या जागेंत आपलें नांव कोरून घ्यावें. अधिकाऱ्यांच्या पदकांवर नांवें दिसतात. गरीब शिपायाचें पदक मात्र कोरेंच राहण्याचा संभव अधिक. ही कोरी जागा वाचकांनीं विसरूं नये. तिच्याकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे.

गझनीच्या वेढ्यांत जे अधिकारी होते त्यांत जेम्स आउट्रम हा एक. त्याचा जन्म २९ जानेवारी १८०३ चा, इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांतला. बाप अभियंता, तो मुलाच्या लहानपणींच वारला. १८१९ सालीं, सोळाव्या वर्षीं, हा मुलगा मुंबईच्या लष्करांत उमेदवार म्हणून आला. गझनीस तो सेनापति कीन याच्या दिमतीस होता आणि हल्ल्याच्या आदल्या दिवशीं गाझी लोकांवर चाल करून त्यांचें निशाण त्यानें काबीज केलें होतें. पुढें कलातच्या लढाईचें वर्तमान घेऊन अफगाण वेषांत तो बलुचिस्तानच्या परक्या मुलखांतून समुद्रकिनाऱ्यापर्यंत घोड्यावरून गेला. शौर्याबद्दल शंका घेण्यास त्यानें कोणास जागा ठेवली नाहीं.

पण त्या शौर्याचें फळ काय? १८४२ च्या जानेवारींत काबूलहून परतणारी इंग्रज फौज बर्फांत व घाटांत कापली गेली. गझनीहि अफगाणांनीं परत घेतली. त्याच वर्षीं इंग्रजांनीं पुन्हां स्वारी करून सूड उगविला आणि महमुदानें नेलेले सोमनाथाचे दरवाजे म्हणून गझनीहून एक जोड मोठ्या थाटानें आणली. ते दरवाजे सोमनाथाचे नव्हतेच. देवदाराचे ते दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यांत राहिले. दोस्त महंमद पुन्हां काबूलच्या गादीवर बसला. म्हणजे ज्या विजयाचें हें पदक, तो विजय पदक छातीवर लागेपर्यंतहि टिकला नाहीं. रुपें मात्र टिकलें.

आतां कोणी विचारील कीं, गझनीशीं नंदुरबारचा काय संबंध? संबंध पदकाचा नाहीं; पदक मिळविणाऱ्याचा आहे. गझनीच्या एका पहांटेबद्दल आउट्रमला पदक मिळालें. त्यापूर्वीं त्यानें दहा वर्षें खानदेशांत काढलीं, आणि त्या दहा वर्षांचें पदक नाहीं. कंपनीनें १८०३ ते १८२६ या काळांतील जुन्या लढायांसाठीं १८५१ सालीं एक पदक काढलें व त्यावर लढाईच्या नांवाच्या २१ पट्ट्या ठरविल्या. त्यांत अशीरगड आहे, खडकी आहे, पुणें आहे, कोरेगांव आहे, महिदपूर आहे. खानदेशांतलें थाळनेर किंवा १८१८ सालीं जेथें महिनाभर झुंज झाली तें मालेगांव त्यांत नाहीं. मग सातपुड्याच्या डोंगरांचें नांव कोठून असणार?

त्या काळच्या खानदेशाची स्थिति कशी होती, हें आज तापीकांठची केळीची बाग किंवा शहाद्याचा ऊस पाहणाऱ्यास खरें वाटणार नाहीं. १८०२ सालीं होळकरांच्या फौजेनें मुलूख लुटला, लगोलग १८०३-०४ चा दुष्काळ आला. सुलतानपूरसारखीं भरलेलीं गांवें ओसाड झालीं, शेतांत रान माजलें. भिल्लांचे नायक हे पूर्वीं गांवचे व घाटांचे राखणदार. त्यांचे हक्क ठरलेले. राज्य ढासळल्यावर ते हक्क कोणी देईना, तेव्हां त्यांनीं ते तिरकमठ्याच्या जोरावर घेण्यास आरंभ केला.

त्यांचा बंदोबस्त पेशवाईच्या अखेरीस कसा झाला, हें सांगतांना आमची लेखणी जड होते. तरीहि सांगितलेंच पाहिजे. १८०४ च्या सुमारास खानदेशचे सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनीं भिल्लांना सलोख्याच्या नांवाखालीं गोदावरीकांठीं कोपरगांवास जमविलें. हजारों भिल्ल विश्वासानें आले. त्यांतील बहुतेकांस मारून दोन विहिरींत टाकण्यांत आलें. इंग्रज तेव्हां खानदेशांत आलेले नव्हते. हें कृत्य आपल्या राज्यांतील, आपल्या अंमलदाराचें आहे. पेशवाईच्या वैभवाच्या गोष्टी आपण मुलांना सांगतों, शनिवारवाडा दाखवितों. त्या गोष्टींबरोबर कोपरगांवच्या विहिरीहि सांगितल्या पाहिजेत, असें आम्हांस वाटतें. ज्या समाजानें बखरी लिहिल्या, त्यानें आपल्या सोयीचीं पानेंच मुलांस वाचून दाखवावीं, हें बरें नव्हे.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हां हा वारसा त्यांच्या पदरीं आला. प्रथम त्यांनीं फौजा पाठविल्या, बंडखोर नायक पकडले, कांहींना फांशीं दिलें, कांहींना माफी दिली. डोंगर शांत झाले नाहींत. तेव्हां मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या संमतीनें १८२५ सालीं दुसरा मार्ग धरण्यांत आला. भिल्ल मुलखाचे तीन विभाग करून प्रत्येकावर एक अधिकारी नेमला. नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर आणि डांग हा वायव्येकडील विभाग, धरणगांवचा दुसरा, कन्नडचा तिसरा. भिल्लांचे जुने हक्क नोंदवून घ्यावे, जमीन व नांगर-बैलांसाठीं तगाई द्यावी, आणि जे लढवय्ये आहेत त्यांचें एक पथक उभारावें, अशी योजना होती. पथक उभारण्याचें काम धरणगांवास बावीस वर्षांच्या आउट्रमकडे आलें.

कोपरगांवाला तेव्हां वीसच वर्षें झालीं होतीं. सरकारनें ‘एकत्र या’ म्हटलें कीं भिल्लाच्या कानांत विहिरीचा आवाज घुमे. अशा लोकांस रांगेंत उभें कसें करावें? आउट्रमनें नंतर लिहून ठेवलें आहे कीं, आपण एकटे नायकांबरोबर रानांत गेलों, त्यांस ब्रँडी पाजून त्यांचीं मनें वळविलीं, आणि पहाऱ्याशिवाय त्यांच्यांत राहून त्यांचा विश्वास मिळविला. ब्रँडीचा उल्लेख त्यानें लपविला नाहीं आणि आम्हीहि लपवीत नाहीं. मात्र नुसत्या ब्रँडीनें हें काम झालें असतें, तर कोणत्याहि कलालानें तें केलें असतें. खरें काम केलें तें पहाऱ्याशिवाय झोंपण्यानें. तो त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस जाई, त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस करी. शेवटीं पांच भिल्ल त्याच्याबरोबर यावयास तयार झाले. पांच! पुढें शेंकडों झालेल्या खानदेश भिल्ल पथकाचा हा आरंभ होता. त्या पांचांचीं नांवें आज कोणाच्या मुखीं नाहींत.

आतां आम्ही मालेगांवच्या प्रसंगाकडे येतों. या लेखाचा जीव त्यांत आहे. पथक तयार होत असतां आउट्रमनें आपले भिल्ल मालेगांवच्या छावणींत नेले. तेथें त्याची जुनी २३ वी पलटण होती. तींत उच्च म्हणविल्या जाणाऱ्या जातींचे पुष्कळ शिपाई होते. ज्यांना गांवकुसाबाहेर ठेवावयाचें, ज्यांच्यावर कालपर्यंत बंदुका रोखल्या, ते अर्धे उघडे डोंगरी लोक आज छावणींत आलेले. शिपाई हंसतील, टिंगल करतील, अंगावर जातील, अशी भीति वाटणें साहजिक होतें. पण घडलें वेगळेंच. शिपायांनीं त्यांना आपल्यांत बसवून घेतलें, त्यांची विचारपूस केली आणि त्यांस विडे दिले.

विडा म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. विडा देणें म्हणजे ‘तुम्ही आमच्या बैठकींतले’ असें म्हणणें होय. लग्नांत, सभेंत, दरबारांत विड्याचा मान चुकला तर पिढ्यानुपिढ्या वैरें चालत. तो विडा त्या दिवशीं भिल्लांच्या हातीं पडला. परत आल्यावर भिल्ल आउट्रमला म्हणाले कीं, या भाऊबंद शिपायांच्या तोडीचे होईपर्यंत आम्हांस कवाइतींतून विश्रांति देऊं नका! फांशीनें जें झालें नाहीं, फौजेनें जें झालें नाहीं, तें एका पानानें केलें. लष्करी इतिहासांत या प्रसंगाची पट्टी कोणत्याहि फितीवर नाहीं. पण आम्हांस विचाराल तर खानदेशांतली त्या शतकांतली खरी मोठी फत्ते हीच. ती कोणाविरुद्ध मिळविलेली नव्हती.

येथपर्यंत लिहून थांबलों तर आमच्यावर एकांगीपणाचा दोष येईल. हें पथक सरकारनें भिल्लांच्या कल्याणासाठींच उभारलें, असें समजणें भाबडेपणाचें आहे. भिल्लाकरवीं भिल्ल आंवरण्याची ती युक्ति होती. १८३० सालीं आउट्रमच्याच हाताखालीं डांगच्या राजांवर स्वारी झाली आणि ते राजे नमले. १८३५ सालीं तो गुजराथेंत गेला, पथक राहिलें. १८५८ च्या ११ एप्रिलला सातपुड्यांत अंबापाणी येथें भीमा नायक व खाज्या नायक यांच्या भिल्लांशीं इंग्रजांची मोठी लढाई झाली. भिल्ल स्त्रियाहि त्या रणांत होत्या व अनेक कैद झाल्या. पकडलेल्या पुरुषांपैकीं कित्येकांस तेथल्या तेथें गोळ्या घालण्यांत आल्या. खाज्या नायक पूर्वीं सेंधव्याच्या घाटावर सरकारच्याच चाकरींत होता, हें येथें सांगितलें पाहिजे. विश्वास देऊन घेतलेला माणूस आणि चाकर म्हणून वापरलेला माणूस यांत अंतर असतें; राज्यकर्त्यांना तें फार दिवस सांभाळतां येत नाहीं.

आउट्रम स्वतः ही गांठ सोडवूं पाहत होता, असें त्याच्या पुढील चरित्रावरून दिसतें. ती सुटली मात्र अर्धीच. १८४३ सालीं सर चार्लस नेपियर यानें सिंधच्या मीरांचें राज्य घेतलें. त्याच नेपियरनें आदल्या वर्षीं आउट्रमला ‘हिंदुस्थानचा बेयार्ड’, म्हणजे निष्कलंक वीर, अशी पदवी एका मेजवानींत दिली होती. हैदराबादेच्या रेसिडेन्सीवर बलुची सैन्य चालून आलें तेव्हां आउट्रमनें ती मूठभर लोकांनिशीं लढविली. पण सिंध घेणें अन्यायाचें आहे, असें त्याचें मत होतें व तें त्यानें उघड मांडलें. लुटीचे वांटे झाले तेव्हां त्याच्या वांट्यास सुमारें ३,००० पौंड आले. तो श्रीमंत नव्हता. तरी ते पैसे त्यानें स्वतःसाठीं घेतले नाहींत. धर्मादाय वांटून टाकले. निष्काचा अलंकार त्यानें ठेवला, नाणें टाकलें. पुढें लखनौच्या लढाईंत, १८५७ सालीं, वरिष्ठ असूनहि त्यानें सेनापतिपद हॅवलॉककडे राहूं दिलें व स्वतः स्वयंसेवक घोडेस्वारांत लढला. त्या स्वारांनीं व्हिक्टोरिया क्रॉससाठीं त्याचें नांव सुचविलें. आपण त्यांचे वरिष्ठ असल्यानें त्या मानास पात्र नाहीं, असें सांगून त्यानें तो नाकारला.

असा हा माणूस. आणि तरीहि १८५६ सालीं अयोध्येचें राज्य खालसा करण्याचा हुकूम याच्याच हातून बजावला गेला. नबाब वाजिद अली शहानें तहावर सही केली नाहीं. आपल्या डोक्यावरची पगडी काढून त्यानें ती आउट्रमच्या हातांत ठेवली. सत्यजित राय यांनीं प्रेमचंदांच्या कथेवरून १९७७ सालीं काढलेल्या ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटांत तो प्रसंग वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. लुटीचे पैसे परत करतां येतात. हातांत आलेली दुसऱ्याची पगडी परत करण्याची मुभा चाकराला नसते. सज्जन माणूस अन्यायाच्या राज्यांत चाकरी करूं लागला म्हणजे त्याच्या सज्जनपणाला जी मर्यादा पडते, तिचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

११ मार्च १८६३ रोजीं फ्रान्समध्यें पो गांवीं आउट्रम वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठांत त्याला पुरण्यांत आलें. तेथील त्याच्या स्मारकावर मध्यें त्याचा अर्धपुतळा आहे, खालीं लखनौचा देखावा आहे आणि दोन बाजूंस दोन माणसें आहेत. एक सिंधकडचा सरदार आहे आणि दुसरा भिल्ल नायक. इंग्लंडच्या राजांच्या व कवींच्या थडग्यांशेजारीं खानदेशचा भिल्ल उभा आहे. फक्त त्याला नांव नाहीं. गझनीच्या पदकाच्या मध्यभागीं जशी कोरी जागा, तशीच ही.

ती जागा कोणीं भरावी? इंग्रज तर गेले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकवस्तींत शेंकडा ६९ हून अधिक लोक आदिवासी आढळले. म्हणजे आपण त्यांच्या जिल्ह्यांत राहतों. ते आपल्या जिल्ह्यांत राहत नाहींत. तेव्हां ही जागा भरणें आपल्याच हातीं येतें. आणि येथें आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वीं आम्ही या भागांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. संस्कृत पाठांतराची स्पर्धा होती. पदक एकच होतें आणि परीक्षक आम्हीच. अक्राणीच्या डोंगरांतून वसतिगृहांत आलेला एक भिल्ल मुलगा उभा राहिला. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. वीस श्लोक त्यानें न अडखळतां म्हटले. त्याच्यानंतर गांवांतील एका प्रतिष्ठित घरचा मुलगा आला. तो दोन ठिकाणीं थांबला. आम्हीं पदक दुसऱ्याला दिलें. कारण विचारलें असतें तर विसर्गाचें कांहीं तरी निमित्त आम्हीं सांगितलें असतें; पण कोणींच विचारलें नाहीं. आमच्या मनांत द्वेष नव्हता. ‘संस्कृत आणि हा मुलगा’ यांची जोडी आमच्या मनांत बसली नाहीं, एवढेंच. असल्या ‘एवढेंच’मध्यें काय काय मावतें, हें कळावयास आम्हांस फार वर्षें लागलीं.

दोन वर्षांपूर्वीं तळोद्याच्या बसथांब्यावर एका गृहस्थांनीं आमच्या हातांतली पिशवी घेतली, वाकून नमस्कार केला. तोच मुलगा, आतां स्वतः शिक्षक. त्यानें आम्हांस बाकावर बसविलें, टपरीवरून चहा आणून हातांत दिला आणि आपल्या वर्गांतील मुलांविषयीं बोलत राहिला. स्पर्धेचा विषय त्यानें काढला नाहीं. आम्हांसहि काढवला नाहीं. बस आली आणि आम्ही गेलों. त्या वेळीं क्षमा मागितली असती तर बरें झालें असतें. ती येथें मागत आहों.

आतां शहाद्याच्या भगिनींस उत्तर. ताई, पदकें मुळींच नकोत, असें आम्ही म्हणणार नाहीं. मुलानें श्रम केले, त्याची खूण घरांत राहिली, तर त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण पदक एका दिवसाचें असतें आणि एकाच्या नांवाचें असतें. त्या दिवसामागें जे दिवस गेले व जीं माणसें राबलीं, त्यांना तें पुरत नाहीं. म्हणून पदक कपाटांत ठेवण्यापूर्वीं मुलाला जवळ बसवून एकच गोष्ट विचारावी: हें मिळविण्यांत तुला कोणाकोणाचा हात लागला? पहांटे उठवून दूध देणारी काकू, वही उसनी देणारा चुलतभाऊ, पाठांतर ऐकून घेणारी आजी, हीं सारीं नांवें त्यानें स्वतः मोजावीं. आणि दुसरी गोष्ट मोठ्यांनीं आपल्या मनाला विचारावी: ज्याला मिळालें नाहीं, त्याला तें खरोखर मिळूं नये असेंच होतें काय? परीक्षकहि चुकतात, कसे चुकतात तें वर लिहिलेंच आहे.

फळीच्या तंट्याचें म्हणाल, तर तीनहि पदकें एकाच फळीवर, एकाच तबकांत ठेवावीं. येत्या रविवारीं सातहि मुलांना एका पंगतीस बसवावें आणि पदक मिळालेल्या तिघांनीं उरलेल्या चौघांस आपल्या हातानें वाढावें. जेवण झाल्यावर घरांतील सर्वांत वडील बाईंनीं सातांनाहि आपल्या हातचा विडा द्यावा. लहानांस पानाची संवय लावूं नये, हें आम्हांस ठाऊक आहे; लहानांच्या विड्यांत नुसती बडीशेप व खडीसाखर घालावी.